विहिरीतली मोटार चालू होत नाही? ओढून काढण्याआधी हे तपासा

बुलडाणा : हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायची वेळ आणि नेमकी मोटार बंद. जळाली समजून ती वर ओढायची घाई होते. पण बिघाड पुष्कळदा वरच, पेटीत किंवा केबलमध्ये सापडतो.

१) लाइन : स्टार्टर पेटीवरचे तिन्ही दिवे पाहा. एक बंद किंवा मंद असेल तर फेज गेलेला आहे. दोन फेजवर मोटार नुसती घुमते आणि वाइंडिंग जळते. लगेच बंद करा. डीपीवरचा फ्यूज स्वतः टाकू नका. लाइनमनला सांगा किंवा महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा.

२) स्टार्टर : मेन स्विच पाडूनच पेटी उघडा. मेनपर्यंत येणाऱ्या वायरीत तेव्हाही करंट असतो, तिकडे हात नको. ढिले स्क्रू, काळे पडलेले पॉइंट, आत शिरलेल्या मुंग्या किंवा पाल पाहा. ओव्हरलोड रिले पडली असेल तर एकदाच रिसेट करा. पुन्हा पडली तर दाबत बसू नका.

३) केबल : पाण्यातल्या जॉइंटमध्ये ओल शिरते. वायरमनकडून मेगरने तपासा. जॉइंट सोडून केबल आणि मोटार वेगवेगळी तपासली, की दोष कुठे आहे ते कळते. मोटारीतच निघाला तर रिवाइंडिंगला न्या.

४) पाणी कमी : डीपीचे काम झाल्यानंतर धार कमी झाली तर मोटार उलटी फिरत असेल. वायरमन दोन फेज अदलाबदल करून देतो.

पेटीला किंवा पाइपाला झटका बसत असेल तर मेन पाडा, अर्थिंग दुरुस्त झाल्याशिवाय मोटार चालवू नका. ओल्या हाताने, अनवाणी पेटीला हात लावू नका. पाणी एक दिवस उशिरा दिले तरी चालेल.