शेतकऱ्याचा नकार

ऑस्ट्रियातील सांक्ट राडेगुंड गावचा फ्रान्झ येगरस्टेटर हा साधा शेतकरी. हिटलरचे युद्ध अन्यायाचे आहे, हे त्याच्या मनाने घेतले. तो लिंझच्या बिशपांना भेटला. ‘तो विचार राज्यकर्त्यांनी करावा, तू कुटुंबाकडे पाहा’, असाच त्यांच्या उपदेशाचा रोख होता. फ्रान्झने त्यांचा अनादर केला नाही. मात्र आपली सदसद्विवेकबुद्धीही त्यांच्या हवाली केली नाही. १९४३ साली त्याने लढण्यास नकार दिला आणि ९ ऑगस्टला त्याचा शिरच्छेद झाला. मागे पत्नी फ्रान्झिस्का व तीन मुली उरल्या.

२६ ऑक्टोबर २००७ रोजी त्याच लिंझच्या कॅथेड्रलमध्ये ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित घोषित केले. चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का तेथे उपस्थित होती. आज्ञापालन हा सद्गुण खराच. परंतु विवेकाचे उत्तर दुसऱ्या कोणालाही आपल्या वतीने देता येत नाही.