डबा माझा, गेम कुणाचा?

मागच्या महिन्यात घरात आवराआवर चालू होती. माळ्यावर एक खोकं सापडलं, त्यात दादाच्या जुन्या पीसी गेम्सचे डबे. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, आता जर्मनीत असतो. एक डबा उघडला. आत डीव्हीडी एकदम चकाचक, सोबत छापील पुस्तिका, मागे किमतीचा स्टिकर : ९९९ रुपये. मित्राकडून डीव्हीडी ड्राइव्ह मागून आणला, गेम इन्स्टॉल केला, पुस्तिकेवरची की टाइप केली. स्क्रीनवर उत्तर आलं, ही की आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेली आहे.

दादाला मेसेज केला. तो म्हणाला, "अरे, ते खातं ज्या ई-मेलवर होतं, तो ई-मेलच कधीचा बंद झाला."

गेमचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण ही गोष्ट एकाच गेमची नाहीये. पण तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न बसलाय. ९९९ रुपये देऊन दादाने नेमकं काय विकत घेतलं होतं? आज गेम्स महाग झाल्या म्हणून आपण सगळे ओरडतो. मीही ओरडतो. पण किमतीचा इतिहास बघायचा, तर आधी या प्रश्नाचा इतिहास बघावा लागतो.

माझी सुरुवात सायबर कॅफेतली. शाळा सुटली की तासाला वीस रुपये देऊन काउंटर-स्ट्राइक १.६. कॅफेवाल्या काकांकडची कॉपी कुठून आली, हे आम्ही कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. गंमत बघा, त्याच काळात अमेरिकेत सायबर कॅफेवरूनच एक खटला चालू होता. काउंटर-स्ट्राइकची मालक कंपनी व्हॉल्व्ह हिने २००२ मध्ये आपल्याच वितरकाला, म्हणजे व्हिवेंडीच्या सिएरा कंपनीला कोर्टात खेचलं. म्हणणं असं, की डबे दुकानात विकायचा हक्क तुम्हाला दिला होता, कॅफेंना गेम द्यायचा नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये कोर्टाने या मुद्द्यावर व्हॉल्व्हच्या बाजूने निकाल दिला.

तोवर व्हॉल्व्हने स्वतःचं दुकान उघडलेलंच होतं. १२ सप्टेंबर २००३ ला स्टीम सुरू झालं. सुरुवातीला ते गेम अपडेट करायचं साधन होतं, आणि लोकांना ते अजिबात आवडलं नव्हतं. खरा बदल झाला १६ नोव्हेंबर २००४ ला. त्या दिवशी हाफ-लाइफ २ आला. दुकानातून डबा घेतला तरी गेम चालवायला स्टीमचं खातं हवं, इंटरनेट हवं. पहिल्या दिवशी सर्व्हरवर इतकी गर्दी झाली, की हातात डिस्क असलेले लोकसुद्धा ताटकळत बसले. पीसी गेमरच्या हातातला डबा त्या दिवसापासून नुसता डबा राहिला. खरी गेम खात्यात गेली.

आता स्टीमला नुसत्या शिव्या घालणं बरोबर होणार नाही. व्हॉल्व्हचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी २०११ साली एक मुद्दा मांडला होता, की पायरसी मुळात किमतीचा नाही, सेवेचा प्रश्न आहे. मला तो तेव्हा पटला नव्हता. आमच्यासाठी किंमत हाच प्रश्न होता! पण २०१५ मध्ये दोन गोष्टी घडल्या. जूनमध्ये परताव्याचा नियम आला : घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत. आणि नोव्हेंबरमध्ये भारतात डॉलरऐवजी रुपयांत किमती दिसायला लागल्या. माझी पहिली स्वतःच्या पैशांची गेम मी त्यानंतरच घेतली. पायरसी सोडली ती तिथेच. म्हणजे गेबकाका निम्मे तरी बरोबर होते.

बरं, आता आकडे. २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आला आणि मोठ्या गेमची अमेरिकेतली किंमत ६० डॉलरवर बसली. ती पुढची पंधरा वर्षं तिथेच होती. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ सोबत ७० डॉलर झाली, आणि भारतात त्या गेम्सवर ४,९९९ चा स्टिकर लागला. २०२५ मध्ये निन्टेंडोने मारिओ कार्ट वर्ल्डला ८० डॉलर लावले. महागाईचा हिशोब धरला, तर २००५ चे ६० डॉलर आजच्या ८० पेक्षा जास्तच भरतात. म्हणून कंपन्या म्हणतात, आम्ही फारसं काही वाढवलेलंच नाही.

पण मंडळी, या हिशोबात एक खोट आहे. पूर्वी कन्सोलची डिस्क अडीच हजारांना घेतली, तर खेळून झाल्यावर ती दीड हजाराला विकता यायची. म्हणजे गेम पडला हजाराला. किंवा चार मित्र चार वेगळे गेम घ्यायचे आणि फिरवायचे. डिजिटल गेम विकता येत नाही, मित्राला कायमची देता येत नाही. डॉलरचा आकडा पंधरा वर्षं जागचा हलला नाही खरा, पण त्यातून परत मिळणारा वाटा मात्र गेला. पीसीवर हे आधी झालं, आता कन्सोलही त्याच वाटेने चाललेत. २०२४ चा प्लेस्टेशन ५ प्रो डिस्क ड्राइव्हशिवायच येतो, ड्राइव्ह वेगळा घ्यायचा.

मग लोक म्हणतात, दुकानं वाढली की स्पर्धा होईल. डिसेंबर २०१८ मध्ये एपिकने दुकान उघडलं. स्टीम साधारण ३० टक्के कापून घ्यायचं, एपिकने १२ टक्के जाहीर केले. गेम बनवणाऱ्यांना फायदा झाला, आपल्याला दर आठवड्याला फुकट गेम्स मिळाल्या. नव्या मोठ्या गेमची किंमत मात्र बहुतेक वेळा दोन्हीकडे तीच. भाड्याने खेळा म्हणावं, तर गेम पास अल्टिमेट २०१९ मध्ये अमेरिकेत महिना १५ डॉलर होता, तो ऑक्टोबर २०२५ मध्ये ३० झाला. हप्ता थांबला की कपाट रिकामं.

आणि विकत घेतलेलं तरी राहतं का? युबिसॉफ्टची 'द क्रू' ही कार रेसिंगची गेम २०१४ मध्ये आली. ३१ मार्च २०२४ ला तिचे सर्व्हर बंद झाले. गेम पूर्ण ऑनलाइन होती, त्यामुळे एकट्याने खेळायचा भागही गेला. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. युरोपात त्या मागणीवर १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे : ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल, तर ते स्पष्ट न सांगता दुकानाने 'खरेदी' हा शब्द वापरायचा नाही.

तुम्ही म्हणाल, आम्ही मोबाईलवर खेळतो, आमचा काय संबंध? सप्टेंबर २०२० आठवा. पबजी मोबाईलवर बंदी आली आणि पैसे देऊन घेतलेल्या स्किन्स एका रात्रीत टांगणीला लागल्या. पुढच्या वर्षी बीजीएमआय आला, डेटा हलवायची सोय मिळाली, म्हणून अनेकांचं वाचलं. पण ती सोय कुणीतरी दिली म्हणून मिळाली. तुमचा तो हक्क नव्हता.

म्हणून मी आता तीन गोष्टी पाळतो. नवीन गेम पहिल्या दिवशी घेत नाही, सेलची वाट बघतो. सर्व्हर बंद पडला तर ही गेम चालेल का, हे आधी शोधतो. आणि जी गेम मनापासून आवडते, ती जीओजीवर मिळत असेल तर तिथून घेतो. पोलंडमधलं हे दुकान २००८ पासून कुलूप नसलेल्या गेम्स विकतं. इन्स्टॉलर उतरवून घ्यायचा, मग इंटरनेट नसलं तरी चालतं.

गेल्या रविवारी माझा भाचा आला होता. दादाचा तो डबा बघून म्हणाला, "मामा, ही लाव ना." लागली नाही. मग हार्ड डिस्कवर उतरवून ठेवलेली एक जुनी गेम लावून दिली. दोन तास पठ्ठ्या हलला नाही. डबा मी टाकलेला नाही, टेबलावरच ठेवलाय. पुढच्या वेळी कार्टमध्ये काही टाकताना समोर दिसलेला बरा.

ग्राफिक्स कार्डांच्या किमतींवर बोलायचं राहिलं, त्यावर पुढचा अख्खा भाग करू. तुमच्याकडे असा एखादा मुका डबा असेल तर नक्की कळवा. भेटू!