केस गळण्याचा इतिहास

श्रोतेहो, टक्कल हा आपल्याकडे थट्टेचा विषय समजला जातो. टक्कल पडले की लक्ष्मी घरात येते, असे म्हणून आपण त्या गृहस्थाचे सांत्वनही करतो आणि त्याला चिमटाही काढतो. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात या विषयातील थट्टा संपली. बोंडगाव, काळवड, हिंगणा अशा खेड्यांतून बायकापुरुषांचे आणि शाळकरी मुलांचेही केस मुठीने हातात येऊ लागले. डोके खाजे, केस गळू लागत आणि थोड्याच दिवसांत टक्कल पडे. जानेवारी संपेपर्यंत अठरा गावांतील २७९ जणांवर हा प्रसंग आला. त्या गावांत नेमके काय घडले ते मी पुढे सांगणारच आहे. परंतु केस का गळतात या प्रश्नाला माणसाने आजवर कोणकोणती उत्तरे दिली, हे आधी पाहिले म्हणजे शेगावची हकीकत नीट उमगेल.

हा प्रश्न फार जुना आहे. मिसर देशात इसवी सनापूर्वी सुमारे १५५० या काळातील एक वैद्यकीय पपायरस-हस्तलिखित सापडले असून ते एबर्स या नावाने प्रसिद्ध आहे. सिंह, पाणघोडा, सुसर, सर्प अशा प्राण्यांची चरबी एकत्र करून डोक्यास चोळावी, असा उपाय त्यात दिला आहे. रोमचा ज्यूलियस सीझर याला आपल्या टकलाचे फार वैषम्य वाटे. सदैव पर्णमुकुट धारण करण्याचा मान मिळाला तेव्हा त्याला विशेष आनंद झाला, असे त्याच्या चरित्रकाराने नमूद केले आहे. जग जिंकणाऱ्या पुरुषालाही कपाळ झाकावेसे वाटावे, यातच या दुःखाचे मर्म आहे.

आपल्या सुश्रुतसंहितेने मात्र उपायाआधी कारणाचा विचार केला. इंद्रलुप्त, खालित्य किंवा रुज्या या नावांनी तिने हा विकार क्षुद्ररोगांत घातला आहे. वाताशी मिळालेले पित्त केसांच्या मुळाशी जाऊन केस पाडते आणि मग रक्तासह कफ ती रंध्रे बुजवितो, म्हणून नवे केस येत नाहीत, अशी तिची उपपत्ती आहे. ही उपपत्ती आजच्या शास्त्राला मान्य होणार नाही. तथापि केस गळणे आणि नवा केस न उगवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा तिच्यातील भेद अत्यंत मार्मिक आहे.

या भेदाचा उलगडा व्हावयास केसाचे जीवन समजून घेतले पाहिजे. डोक्यावर साधारणतः एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर लांब होतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याचे मूळ आक्रसते आणि तीनएक महिने विश्रांती घेऊन तो गळून पडतो. त्याच मुळातून पुन्हा नवा केस निघतो. म्हणून दररोज पन्नास ते शंभर केस गळणे हा रोग नव्हे. शेतात एकाच वेळी पेरणी, मळणी आणि पडीक अशा तिन्ही अवस्था दिसाव्यात, तसे आपले डोके असते.

परंतु शरीरावर मोठा आघात झाला की वाढते केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदमच गळतात. अहेरीस प्राणहितेच्या काठी मी तीस-पस्तीस वर्षे मुले शिकविली. शिक्षकाला मुलांची डोकी वरून पाहण्याची सवय होते. आमचा हा मुलूख हिवतापाचा. पावसाळ्यात तापाने फणफणलेली मुले दिवाळीच्या सुमारास विरळ केसांनी वर्गात बसलेली मी अनेकदा पाहिली. घरच्या मंडळींना श्रावणातला ताप केव्हाच विसरलेला असे. मग कोणी तेलाला दोष देई, कोणी दृष्टीला, आणि आठवडी बाजारातून रंगीत तेलाची बाटली येई. चार-सहा महिन्यांनी केस आपोआप परतत आणि श्रेय त्या बाटलीला मिळे! विषमज्वर, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, उपासमार यांनंतरही असेच होते. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये या प्रकाराचे स्वतंत्र वर्णन केले. रक्तातील लोहाची तूट, कंठस्थ ग्रंथीचा विकार ही कारणेही नेहमीची आहेत. तेलाने केस मऊ व तुळतुळीत होतात हे खरे, परंतु लोहाची तूट तेलाने भरून निघत नाही.

पुरुषांचे नेहमीचे टक्कल मात्र वेगळ्या जातीचे. लहानपणीच वृषणच्छेद झालेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, ही गोष्ट हिपोक्रेटीस व ॲरिस्टॉटल यांच्या काळीच ग्रीकांच्या ध्यानी आली होती. तिचा अर्थ लागावयास दोन हजारांहून अधिक वर्षे गेली. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन यांनी दाखवून दिले की, असा पुरुष टकलाच्या घराण्यातील असला आणि त्यास पुरुषग्रंथींचा स्राव टोचला, तर त्यासही टक्कल पडू लागते. म्हणजे आनुवंशिक प्रवृत्ती आणि तो स्राव, दोन्ही जुळून यावे लागतात. टोपी, साबण किंवा अतिविचार यांवर शतकानुशतके आलेला आळ येथे दूर झाला.

कारण न पाहता केलेल्या उपायांनी घातही झाला आहे. डोक्यातील नायटा हा बुरशीचा रोग. त्यासाठी आधी केस झडावेत म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात मुलांच्या डोक्यावर क्ष-किरण सोडीत, तर कोठे थॅलियम नावाच्या जहाल विषाचा क्षार पोटात देत. त्या विषाने मुले दगावल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात नमूद आहेत. १९५८ च्या सुमारास ग्रिसिओफुल्विन हे पोटात घ्यावयाचे बुरशीनाशक आले आणि तो मार्ग सुटला. याउलट, ज्याला आपण चाई पडणे म्हणतो, तो रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा बुरशीने होत नाही. तेथे शरीराची संरक्षक शक्तीच केसाच्या मुळावर उलटते. चाई सांसर्गिक नव्हे, म्हणून अशा मुलास वर्गात वेगळे बसविणे हा शुद्ध अन्याय होय.

आता शेगावकडे वळू. केस गळताच प्रथम संशय पाण्यावर गेला. तो सयुक्तिकही होता, कारण हा पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा आहे, आणि पाण्याच्या तपासणीत क्षार व नायट्रेट अधिक आढळले. कोणी बुरशी म्हटले, कोणी शाम्पू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची पथके आली, रक्ताचे, पाण्याचे, धान्याचे नमुने गेले. विंचूदंशावरील संशोधनामुळे महाराष्ट्रास परिचित असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हेही स्वतः त्या गावांत गेले. रुग्णांच्या रक्तात सेलेनियम सुमारे पस्तीस पट, लघवीत साठ पट आणि केसांत दीडशे पट वाढलेले आढळले, असे त्यांनी प्रसिद्ध केले. शिधावाटपाच्या दुकानांतून आलेल्या, परप्रांतीच्या गव्हाकडे त्यांनी बोट दाखविले. गव्हाविषयीच्या या निष्कर्षावर वादही झाला. परंतु एप्रिल २०२५ मध्ये त्याच भागातील काहींची नखे ठिसूळ होऊन गळू लागली, आणि केस व नखे दोन्हींवर घाला घालणे ही तर सेलेनियमच्या विषबाधेची ओळखीची खूण आहे.

हे मूलद्रव्य बर्झेलियस यांनी १८१७ मध्ये शोधले. प्रौढ माणसास ते दिवसाला अवघे ५५ मायक्रोग्रॅम पुरे होते, आणि ४०० च्या पलीकडे नित्य गेल्यास अपाय संभवतो. इतके अल्प अंतर अमृतात आणि विषात! जमिनीत ते अधिक असले की पिकात उतरते. चीनमधील हुबेई प्रांतात एन्शी येथे १९६१ ते १९६४ या काळात अनेक खेड्यांतील लोकांचे केस व नखे अशीच गळाली होती. पंजाबातील नवांशहर व होशियारपूर भागांतही अशा जमिनीचे पट्टे आहेत.

या संकटात केसांहून अधिक काही गेले. ठरलेली लग्ने मोडली, मुलांचे शिक्षण अडले, कित्येक तरुण मुलींनी लाजेस्तव डोके मुंडून घेतले. महाराष्ट्रात स्त्रीच्या मुंडनाला एक करुण इतिहास आहे. विधवांच्या केशवपनाविरुद्ध १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळींनीच सभा भरवून ते काम न करण्याचा निर्धार केला होता. त्याच भूमीत सव्वाशेहून अधिक वर्षांनी मुलींनी लोकलज्जेने वस्तरा जवळ करावा, ही गोष्ट आपणा सर्वांस विचार करावयास लावणारी आहे. पुष्कळांचे केस पुढे काही आठवड्यांत उगवू लागले, परंतु मोडलेले लग्न असे आपोआप जुळून येत नाही.

आजच्या उपायांविषयी थोडे सांगतो. मिनॉक्सिडिल हे मूळचे रक्तदाबाचे औषध. रोग्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याने त्याचा हा गुण कळला आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते टकलासाठी संमत झाले. पुरुषांसाठीचे फिनास्टराईड १९९७ मध्ये संमत झाले. गरोदर स्त्रीने त्यास स्पर्शही करू नये असे सांगतात. दोन्ही औषधे चालू आहेत तोवरच गुण टिकतो. केसांच्या रोपणाचे प्रयोग जपानमध्ये ओकुडा यांनी १९३९ मध्ये आणि अमेरिकेत ऑरेंट्राइश यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात डोक्याच्या मागचे केस पुढे लावतात, नवे निर्माण होत नाहीत. तीव्र चाईसाठी २०२२ पासून बॅरिसिटिनिब हे औषध अमेरिकेत संमत आहे. यांपैकी काहीही वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नये.

तेव्हा घरात कोणाचे केस गळू लागले तर बाटली आणण्यापूर्वी मागील तीन महिने आठवावेत. ताप आला होता काय, आहार तुटला होता काय, नवे औषध सुरू झाले होते काय? शेजारच्या घरातही तेच चालले आहे काय, हेही विचारावे. एकाचे केस गळाले तर वैद्याकडे जावे. साऱ्या आळीचे गळाले तर आरोग्य खात्यास कळवावे आणि धान्य व पाणी तपासून मिळेतोवर स्वस्थ बसू नये. आणि ज्याचे केस गेले आहेत, त्याच्याकडे पाहून हसण्याचा मोह, श्रोतेहो, आपण आवरावा.