मोंतोनेचं सौरघड्याळ आणि आमच्या ट्रंकेतलं पदक

मध्ये दोन महिने भाग आला नाही, त्याबद्दल बऱ्याच जणांनी मेसेज करून झापलं. कारण सांगतो. कंपनीच्या कामासाठी मिलानला गेलो होतो. काम संपल्यावर बारा दिवस सुट्टी उरली. बरोबरच्या पोरांनी रोम, व्हेनिस, स्वित्झर्लंड असा बेत केला. मी मात्र उम्ब्रिया प्रांतातल्या मोंतोने नावाच्या गावात एक खोली घेतली आणि तिथंच राहिलो. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन खेड्यात राहतोयस?"

पण हे खेडं बघण्यासारखं आहे. आपल्याकडं येडेमच्छिंद्रजवळचा मच्छिंद्रगड बघितलाय ना? सपाटीतून एकदम वर आलेला डोंगर, माथ्यावर वस्ती आहे असं समजा, भोवती दगडी तट, आणि खाली कृष्णेच्या जागी तिबेर नदी. तीच पुढं रोममधून वाहते. वस्ती दोन हजारांच्या आत. गल्ल्या इतक्या अरुंद की आमच्या उरुणातले बोळ रुंद वाटावेत. पहिले दोन दिवस मी चुकत होतो. तिसऱ्या दिवशी कॉफीवाल्यानं न विचारता कप पुढं ठेवला. पाचव्या दिवशी तटाजवळच्या बाकावर बसणाऱ्या म्हाताऱ्या माझ्या "बुओनजोर्नो"ला हसायच्या थांबल्या. गाव अंगवळणी पडलं म्हणायला हरकत नाही.

मी तिथं गेलो ते एका माणसासाठी. नाईक यशवंत घाडगे.

त्यांच्याकडं जाण्याआधी वाटेतलं एक ठिकाण. फ्लॉरेन्सला गाडी बदलायची होती, म्हणून अर्धा दिवस काढून कास्चिने नावाच्या मोठ्या बागेच्या टोकाला गेलो. तिथं आर्नो आणि मुन्योने या नद्यांचा संगम आहे, आणि संगमावर एक छत्री. आत अर्धपुतळा कोल्हापूरच्या छत्रपतींचा, दुसऱ्या राजाराम महाराजांचा! 1870 मध्ये ते इंग्लंडला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, आणि परतीच्या वाटेवर 30 नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीसच्या आसपास. त्या शहराला दहन माहीत नव्हतं. खास परवानगी काढून रात्री संगमावर अग्नी दिला. 1874 मध्ये छत्री उभी राहिली. शंभर वर्षांनी शेजारी मोटारींचा मोठा पूल झाला, त्याचं नावही 'इंडियानो'चा पूल. कोल्हापूर आमच्या इस्लामपूरपासून तासाभराच्या अंतरावर. मी रंकाळा शंभरदा बघितलाय, पण ही गोष्ट मला शाळेत कुणी सांगितली नव्हती.

असो. ते राजे होते, त्यांना छत्री मिळाली. घाडगे राजे नव्हते.

यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक. 1944 च्या जूनमध्ये रोम पडलं आणि जर्मन सैन्य एकेक टेकडी लढवत उत्तरेकडं सरकू लागलं. त्यांच्या मागं तिबेरच्या खोऱ्यातून दहावी इंडियन डिव्हिजन चढत होती. नकाशावर हे खोरं सोपं दिसतं. प्रत्यक्षात दर टेकडीवर दगडी घर, दर घरात मशीनगन असू शकते, आणि खालून येणारा माणूस वरून तासभर आधी दिसतो. मी हातात फक्त पाण्याची बाटली घेऊन चढलो तरी तिसऱ्या वळणाला बसलो.

10 जुलै 1944. घाडग्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. क्षणात तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले, उभे राहिले एकटे घाडगे. ते सरळ मशीनगनवर धावले. ग्रेनेड टाकून गन आणि ती चालवणारा बंद केला. आणखी एकाला गोळी घातली. बंदुकीतल्या गोळ्या संपल्या, नवीन भरायला वेळ नव्हता, म्हणून नळीकडून बंदूक धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय 22. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. त्यांना अहो-जाहो करावं की अरे-तुरे, हे मला रेकॉर्ड करतानाही नीट ठरवता येत नाहीये.

इटलीच्या मोहिमेत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा हिंदी सैनिकांना. सहातले दोन आपल्या मराठा पलटणींचे. दुसरे संगमनेरजवळच्या निमजचे नामदेव जाधव, एप्रिल 1945, सेनिओ नदीकाठी. ते जगले. हिंदी सैन्याचे 5,782 जण मात्र इटलीतून परत आले नाहीत.

जुलै 2023 मध्ये मोंतोनेच्या लोकांनी आणि तिथल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी घाडग्यांचं स्मारक उभारलं. पुतळा नाही, तोफ नाही. सौरघड्याळ आहे, आणि ते चालतं. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ: एकाच सूर्याखाली आपण सगळे. मी सकाळी दहा वाजता गेलो आणि मोबाइलशी वेळ ताडून बघितली. जमेना. मग लक्षात आलं, उन्हाळ्यात युरोपवाले घड्याळ तासभर पुढं करतात, सूर्याला ते कुणी कळवलेलं नसतं. टाइमझोनच्या बगनं ऑफिसात छळलंय, इथंही सोडलं नाही.

आता मला खरं जे बोलायचंय ते.

आमच्या घरी एक लोखंडी ट्रंक आहे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ, आम्ही त्यांना थोरले आबा म्हणायचो, ते मराठा पलटणीतून इटलीत लढले. ट्रंकेत पितळी रंगाची सहा टोकांची चांदणी आहे, तिची फीत लाल, पांढरी, हिरवी. लहानपणी आम्हाला वाटायचं, नाटकातल्या राजाचा बिल्ला असेल. ती इटली स्टार, हे मला इंजिनिअरिंगला असताना गूगलवर कळलं. तोवर थोरले आबा गेले होते. मी सात-आठ वर्षांचा असताना एकदा विचारलं होतं, "आबा, इटलीत काय होतं?" म्हणाले, "चिखूल." बास.

ते का बोलले नाहीत, हे समजायला आमचा वाळवा तालुका समजावा लागतो. 10 सप्टेंबर 1942 ला इस्लामपूरच्या कचेरीवर मोर्चा गेला, पोलिसांनी गोळ्या घातल्या, पंड्या आणि बारपटे हुतात्मा झाले. आदल्या दिवशी वडूजला नऊ जण पडले होते. मग क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, ज्याला लोक पत्री सरकार म्हणायचे. ते क्रांतिसिंह याच तालुक्यातल्या येडेमच्छिंद्रचे. 14 एप्रिल 1944 ला जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या साथीदारांनी धुळ्याजवळ चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाखांच्या आसपास. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. एप्रिलमध्ये चिमठाणं, जुलैमध्ये तिबेरचं खोरं. तीन महिन्यांचं अंतर. एकीकडं इंग्रजांचा खजिना लुटणारी पोरं, दुसरीकडं इंग्रजांच्या गणवेशात मरणारी. दोघं मराठीच बोलणारी, कित्येकदा एकाच भावकीतली.

आमच्या घरात तर एकाच चुलीवरची. थोरल्या आबांचे चुलतभाऊ तुफान सेनेत होते. आजी सांगायची की महिन्याला पलटणीतून मनीऑर्डर यायची, त्या पैशाची ज्वारी यायची, आणि रात्री भूमिगत पोरं आली की त्याच ज्वारीच्या भाकरी त्यांच्या फडक्यात जायच्या. इंग्रजाच्या पगारावर इंग्रजाविरुद्धची चूल चालायची. स्वातंत्र्यानंतर चुलतआजोबांना 15 ऑगस्टला शाळेत बोलवायचे, हार घालायचे. ते योग्यच होतं. थोरले आबा त्या दिवशी रानात जायचे. कुणी तरी एकदा पारावर त्यांना 'भाडोत्री' म्हणालं होतं, असं घरात कुजबुजतात.

हा शब्द मला मोंतोनेत आठवला, आणि कारण मजेदार आहे. मोंतोनेचा सगळ्यात मोठा सुपुत्र म्हणजे ब्राच्चो फोर्तेब्राच्चो, 1368 ते 1424. गावाला त्याचा केवढा अभिमान! आणि तो कोण? भाडोत्री सेनापती. अशा लोकांना इटलीत 'कोंदोत्तिएरे' म्हणत, 'कोंदोत्ता' म्हणजे करार. जो राजा करार करील त्याच्यासाठी लढायचं. आपल्याकडच्या सरदारांनीही आदिलशाहीतून निजामशाहीत आणि तिथून मोगलांकडं मुक्काम हलवलेच की. त्यांचे वाडे आपण अभिमानानं दाखवतो. मग पावसाच्या भरवशावरची चार एकर आणि सात भावंडं मागं ठेवून गेलेल्या पोराला पारावर तो शब्द का?

अर्थात, दुसरी बाजूही मला दिसते. मोंतोनेच्या लोकांना कृतज्ञ राहणं सोपं आहे. 22 जून 1944 ला जवळच्याच गुब्बियोत जर्मनांनी चाळीस नागरिकांना गोळ्या घातल्या. आसपासच्या डोंगरांत इटालियन भूमिगत लढत होते, त्यांना गावं रात्री भाकरी पुरवत होती. अगदी आमच्या चुलीसारखं. तीन आठवड्यांत मराठा पलटण तिथं पोचली. त्यांच्यासाठी हे सैनिक सुटका घेऊन आले. इस्लामपूरच्या कचेरीसमोर मात्र त्याच सरकारची बंदूक उलट्या बाजूनं रोखलेली होती. इटलीतली सुटका दाखवून मी पंड्या-बारपट्यांच्या घरच्यांना काय समजावणार? दोन्ही हिशेब एका वहीत बसत नाहीत, आणि मी ते बसवायचा हट्ट आता सोडलाय.

निघायच्या आदल्या दिवशी कॉफीवाल्याला मोबाइलवर चांदणीचा फोटो दाखवला. त्यानं फितीचे रंग बघितले, भिंतीवरच्या फुटबॉलच्या झेंड्याकडं बोट केलं आणि विचारलं, "हे आमचं?" मी म्हटलं, "हो, आणि आमचंही." त्यानं कॉफीचे पैसे घेतले नाहीत. मी दुसऱ्या कपाचेही द्यायचा प्रयत्न केला, तेही घेतले नाहीत.

घाडग्यांची कबर किंवा समाधी मोंतोनेत नाही. देह कुठं आहे याची खूण राहिली नाही. त्यांचं नाव शेकडो किलोमीटर खाली, कासिनोच्या स्मारकावर, ठावठिकाणा नसलेल्या चार हजारांवर नावांमध्ये कोरलंय. माणगावात पुतळा आहे, तो मात्र आपल्याला बघता येईल, मुंबई-गोवा रस्त्यावरच आहे.

परत आल्यावर आईनं ट्रंक उघडून दिली. फीत जिथं दुमडली होती तिथं विरलीये. काका म्हणाले, फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावू, चुलतआजोबांच्या ताम्रपटाशेजारी. खिळा ठोकून झालाय. काच कापायला दिलीये.

पुढच्या भागात सांग्रो नदी. ज्यांना अग्नी दिला अशा पाचशेहून जास्त हिंदी सैनिकांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत, आणि मराठ्यांची पहिली पलटण त्याच भागात लढली होती. तुमच्या घरी अशी ट्रंक असेल तर आतल्या कागदांचे फोटो काढून ठेवा. विशेषतः पेबुक. शाई उडते.

भेटू.