सोडलेलं कुत्रं घरी आणलंय? चावू नये म्हणून काय करावं, चावलं तर काय करावं

ऊसतोड संपून टोळ्या गेल्या की कधी कधी एखादं कुत्रं बांधावरच मागे राहतं. कधी गाडीखाली सापडून लंगडं झालेलं पिल्लू पोरं घरी उचलून आणतात. आठवडाभरात ते कुणाला तरी चावतं आणि घरचे म्हणतात, "माजलंय, सोडून द्या." बहुतेक वेळा ते माजलेलं नसतं, घाबरलेलं असतं.

आणल्यावर पहिलं काम
पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. पिल्लू 3 महिन्यांचं झालं की रेबीजची लस, पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि मग दरवर्षी. मोठ्या कुत्र्याला लगेच लस द्या. जंताचं आणि गोचिडाचं औषधही घ्या. लाळ गळणारं, झोकांड्या खाणारं, गिळता न येणारं कुत्रं मात्र घरी आणू नका, हातही लावू नका. पशुवैद्यकांना कळवा.

चावतं कधी?
खाताना डिवचलं, झोपेतून उठवलं, पिल्लांजवळ गेलं, दुखऱ्या जागी हात लावला किंवा कोपऱ्यात कोंडलं तर. आधी अंग ताठ करतं, शेपूट पायात घालतं, दात दाखवतं, गुरगुरतं. गुरगुरलं म्हणून काठी घालू नका. तो इशारा असतो. मार खाऊन ते गुरगुरणं सोडतं, मग न सांगता चावतं. इशारा दिसला की मागे सरा.

सवय कशी लावायची?
गोठ्याच्या कडेला पोतं टाकून शांत जागा द्या. सुरुवातीला घरातल्या एकाच माणसाने ठरल्या वेळी भाकरी घालावी. दिवसभर आखूड साखळीला बांधू नका, त्याने कुत्रं चिडकं होतं. लहान पोरांना त्याच्याजवळ एकटं सोडू नका. 3 ते 6 महिन्यांचं पिल्लू दात येतात म्हणून चावतं. त्याला जाड दोरीची गाठ चावायला द्या, हात देऊ नका.

चावलंच तर
1. वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, मिरचीपूड, तेल काही लावू नका.
2. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटात 14 इंजेक्शनं घेण्याचा जमाना गेला. आता दंडाच्या कातडीत लस देतात: पहिल्या दिवशी, मग 3, 7 आणि 28 व्या दिवशी. एकही डोस चुकवू नका.
3. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या सीरमबद्दल डॉक्टरांना विचारा.
4. कुत्र्याला मारू किंवा हाकलू नका, 10 दिवस बांधून लक्ष ठेवा. पण त्यासाठी लस थांबवू नका.

रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचत नाही, असंच समजा. ओरडा बसेल म्हणून पोरं ओरखडा लपवतात. म्हणून आजच घरात सांगून ठेवा: कुत्रं चावलं तर कुणी रागावणार नाही, फक्त लगेच सांगायचं.