सायकल, साठी आणि दंड-बैठका

आजचा भाग सायकलचा आहे, पण वाट आखाड्यातून जाते.

यवतमाळहून कळंबच्या चिंतामणीला सायकलने जाणारे आम्ही साठी ओलांडलेले काही जण आहोत. तक्रार पायांची नसतेच. मान अवघडते, तळहात बधिर होतात, कंबर धरते. आमच्यातल्या दोघांनी यापायीच सायकल सोडली. आता बघा, पुढे वाकलेलं धड पाठीपोटाच्या स्नायूंनी पेलायचं असतं. ते थकले की भार हँडलवर, म्हणजे तळहातांवर येतो. आणि नुसती सायकल चालवून हे स्नायू फारसे बळकट होत नाहीत.

ते बळकट करायची विद्या आपल्या शेजारीच होती. 1914 साली वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान आखाडा सुरू केला, तेच आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. 1936 च्या ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या पथकाने बर्लिनमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. मात्र त्या काळच्या व्यायामप्रसाराचा रोख तरुणांवर होता. देश पारतंत्र्यात होता, तेव्हा ते साहजिकच.

म्हणून मला औंधचे राजे जास्त जवळचे वाटतात. भवानराव पंतप्रतिनिधी, जन्म 1868. आधी युजेन सँडोच्या पद्धतीचा व्यायाम केला, मग सूर्यनमस्कारांकडे वळले आणि संस्थानातल्या शाळांतही ते आणले. लंडनमध्ये 1938 साली त्यांचं नमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं, तेव्हा स्वारी सत्तरीला टेकली होती! 1951 मध्ये वारले, ब्याऐंशीव्या वर्षी. आता हे नमस्कारांमुळेच, असं मी म्हणणार नाही. राजाच्या ताटात दूधतूपही असणारच.

पण नमस्कार नीट पाहा. छाती खाली नेताना दंडाचं निम्मं काम होतं, भुजंगासनात पाठ कामाला लागते, वाकताना मांडीमागच्या शिरा मोकळ्या होतात. सायकलस्वाराला हेच तर हवं. राहिल्या मांड्या, त्यांना बैठका.

'या वयात काय ताकद येणार?' असं कुणी म्हणालं तर 1990 चा बोस्टनचा प्रयोग सांगा. नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमातल्या दहा जणांना आठ आठवडे वजनं घेऊन पायांचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांची ताकद सरासरी 174 टक्के वाढली.

गुडघे कुरकुरत असतील तर पूर्ण बैठक नको. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं, दहा वेळा. दंड भिंतीला हात लावून. एक दिवसाआड पुरे. रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि हो, श्वास कोंडायचा नाही, उठताना सोडायचा.