अर्धवट डाउनलोडचा इतिहास : ऑपरेटिंग सिस्टीमच्या वितरणातील अडथळे व उपाय

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासात यंत्रे, संशोधक आणि कंपन्या यांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने तयार झालेली ऑपरेटिंग सिस्टीम दूरच्या वापरकर्त्यापर्यंत कशी पोहोचली, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. वास्तविक हा प्रश्न महत्त्वाचा आहे. एखाद्या ग्रंथाची चार पाने गहाळ झाली तरी उरलेला ग्रंथ वाचता येतो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या फाइलमधील मोजके बाइट चुकले तरी संगणक सुरूच न होण्याची शक्यता असते. डाउनलोड मंदावणे, मध्येच थांबणे आणि पूर्ण होऊनही सदोष निघणे, अशा तीन अडचणी यात संभवतात. या तिन्हींची कारणे भिन्न आहेत आणि त्यांवरील उपायही भिन्न काळात निघाले. त्या उपायांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मंद गती : वाटेवरील गर्दी

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कले परिसर यांमधील संगणकीय दळणवळण जवळपास ठप्प झाले. अंतर अवघे ४०० यार्ड; परंतु प्रतिसेकंद ३२ हजार बिटांचा वेग ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन व मायकेल कॅरेल्स यांनी कारणांचा शोध घेतला. पोच येण्यास उशीर होताच प्रत्येक संगणक तीच माहिती पुन्हा पाठवीत होता व त्यामुळे गर्दीत भरच पडत होती. त्यावरील उपाय १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रारंभ सावकाश करावा आणि माहितीचे पुडके हरवल्यास ती गर्दीची खूण समजून वेग कमी करावा, हे त्याचे सूत्र होय.

या सूत्राने जाळे सावरले. मात्र त्याचा एक परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. सदोष तारेमुळे पुडकी हरवली तरी संगणक ती गर्दीच समजतो आणि वेग उतरवतो. म्हणून गती मंदावल्यास दोष स्वतःच्या जोडणीत आहे, वाटेत आहे की समोरच्या सर्व्हरवर आहे, हे आधी वेगळे करावे लागते. सर्व्हरवरील ताण व अंतर यांवर 'मिरर', म्हणजे अन्यत्र ठेवलेली तंतोतंत प्रत, हा उपाय रूढ झाला. लिनस टोरवाल्ड्स यांच्या लिनक्सची पहिली आवृत्ती सप्टेंबर १९९१ मध्ये फिनलंडमधील एका एफटीपी सर्व्हरवर ठेवली गेली आणि पुढे तिच्या प्रती देशोदेशीच्या सर्व्हरवर झाल्या. दोष वाटेतही असू शकतो, याचा प्रत्यय भारताला ३० जानेवारी २००८ रोजी आला. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन समुद्री केबली तुटल्या आणि भारतातील इंटरनेट सेवा मंदावली. त्या वेळी घरचा मोडेम बदलून काही साधणार नव्हते.

खंडित डाउनलोड : पुन्हा पहिल्यापासून?

फाइल हस्तांतराची पहिली नियमावली एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिली. आयआयटी कानपूरचे हे पदवीधर तेव्हा अमेरिकेतील एमआयटीत होते. १९८५ च्या सुधारित एफटीपी नियमावलीत थांबलेले हस्तांतर पुढे सुरू करण्याची सोय होती. परंतु ती विशिष्ट पद्धतींपुरतीच होती. सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीसाठी ही सोय व्यवहारात आधीच रुळली, तरी तिला औपचारिक मान्यता २००७ मध्ये मिळाली. वेबच्या बाबतीत जानेवारी १९९७ च्या एचटीटीपी १.१ या नियमावलीने फाइलचा हवा तेवढाच भाग मागण्याची तरतूद केली.

या तरतुदीचे मोल भारतीय परिस्थितीत विशेष जाणवते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. ती टेलिफोनच्या तारेवर अवलंबून होती. पुढे आलेल्या ५६ किलोबिट मोडेमचा पूर्ण वेग अखंड मिळाला असे गृहीत धरले, तरी ६५० मेगाबाइटची एक सीडी उतरवण्यास सुमारे २६ तास लागतात. पंचविसाव्या तासाला फोन तुटला आणि पुढे सुरू करण्याची सोय नसली, तर सारा वेळ व पैसा वाया जाई. लिनक्स विनामूल्य होते. तार मात्र विनामूल्य नव्हती. त्यामुळेच मासिकासोबत मिळणाऱ्या सीडींना महत्त्व आले. पीसीक्वेस्ट या मासिकाने लिनक्सच्या सीडी वाचकांपर्यंत पोहोचवल्या. २००४ मध्ये आलेल्या उबंटूच्या सीडी कॅनॉनिकल कंपनी टपालाने मोफत धाडत असे. ती योजना एप्रिल २०११ मध्ये बंद झाली.

पूर्ण, तरीही सदोष

उतरलेली फाइल मूळ फाइलशी जुळते काय, हे पाहण्यासाठी रोनाल्ड रिव्हेस्ट यांची एमडी५ ही पद्धत १९९२ पासून उपलब्ध झाली. तीत संपूर्ण फाइलचा ३२ अक्षरांकी ठसा निघतो. अपघाती बिघाड ओळखण्यास ती पुरेशी ठरली. परंतु २००४ मध्ये चिनी संशोधकांनी तिच्यातील दुर्बलता दाखवून दिली आणि पुढे एसएचए-२५६ चा वापर वाढला. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळावर घुसखोरी होऊन डाउनलोडचा दुवा बदलला गेला. ज्याच्या हाती पान बदलणे आहे, तो त्याच पानावरील ठसाही बदलू शकतो. म्हणून ठशावर प्रकाशकाची डिजिटल स्वाक्षरी असणे आवश्यक ठरते.

ब्रॅम कोहेन यांच्या २००१ मधील बिटटोरेंटने तिन्ही अडचणींचा एकत्र विचार केला. फाइलचे लहान तुकडे करायचे, प्रत्येकाचा ठसा स्वतंत्रपणे तपासायचा, सदोष तुकडाच पुन्हा मागवायचा आणि घेणाऱ्यानेच इतरांना द्यायचे, अशी ही रचना आहे. मार्च २००३ अखेरीस आलेल्या रेड हॅट लिनक्स ९ च्या प्रसारात ती उपयोगी पडली. २०१५ च्या विंडोज १० नेही अद्ययावत भाग इतर संगणकांकडून घेण्याची सोय स्वीकारली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, अडलेल्या डाउनलोडवरील उपायांची दिशा 'सारे पुन्हा करा' येथून 'नेमके काय राहिले ते पाहा' इकडे वळली. आजही तपासाचा क्रम हाच असावा : जोडणी व मिरर, नंतर डिस्कची जागा, नंतर पुढे सुरू करण्याची सोय आणि शेवटी ठसा. फाइल ४ गिगाबाइटच्या उंबरठ्यावर थांबत असेल, तर दोष बहुधा जाळ्याचा नसून फॅट३२ या डिस्करचनेच्या मर्यादेचा असतो.

दुसरा निष्कर्ष सामाजिक आहे. परवान्याने दिलेले स्वातंत्र्य दुर्बळ जोडणीच्या वापरकर्त्यापर्यंत आपोआप पोहोचले नाही. सीडी, मिरर आणि खुल्या नियमावली यांनी ते पोहोचवले. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत एकदा उतरवून, स्वाक्षरीसह तपासून स्थानिक सर्व्हरवर ठेवलेली एक प्रत सर्व संगणकांना पुरते. ही व्यवस्था त्याच परंपरेचा भाग होय.